सातव्या टप्प्याची शिदोरी

भाजलेल्या नाचणीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत पीठ परतत राहावं, त्याचा तांबूस रंग हळूहळू गडद होत जावा, आणि मग करपण्याच्या अगदी अलीकडे एक ऊबदार, मातकट, गोडसर परिमळ अवघ्या घरात भरून राहावा! ज्यांना त्या परिमळाने बालपण आठवत असेल, तापातून उठल्यावर मिळालेली पहिली पेज आठवत असेल, ते भाग्यवंत. मी त्यांतला नाही. शेजारच्या बिऱ्हाडात कढई चढली आणि तो वास खिडकीतून आत आला, की मी पायात चपला अडकवतो, दाराला कडी घालतो आणि मांडवीच्या किनाऱ्यावर वाऱ्यात जाऊन उभा राहतो. लोक म्हणतात, कंट्रोलर फिरायला निघाले.

वसंता, माझा धाकटा भाऊ, गेल्या माघात गेला. त्याच्या आधी महिनाभर, पौषातल्या एका दुपारी, सावर्ड्याला त्याच्या स्वयंपाकघरात हाच वास भरला होता, आणि त्या वासात आम्ही तिघं किती आनंदात होतो, हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते. त्याची बायको सुनंदा शेगडीपाशी उभी राहून पीठ परतत होती. वसंता एकेक लाडू वळून ताटात मांडत होता. आणि मी टेबलाशी वही उघडून, चष्मा नाकावर ओढून, बारा टप्प्यांचा आराखडा लिहीत होतो. आंजर्ले ते नाटे! समुद्र उजव्या हाताला ठेवून किनाऱ्याकिनाऱ्याने बारा दिवस पायी उतरायचं, आणि रोज दुपारी बाराच्या ठोक्याला वसंताच्या हातात त्याची शिदोरी पडायची. त्या शिदोरीवर त्याचा जीव अवलंबून होता. हे मी भाषेचा अलंकार म्हणून लिहीत नाही.

वसंताला मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावं लागे. त्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं नव्हतं, पण तोंडाने स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते सांगत असताना मी तिथेच शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. म्हणाले, "चालायला माझी ना नाही. पण इंजेक्शन घेऊन चालताय, तर खाण्याची वेळ चुकवायची नाही. चाललात आणि खाल्लं नाहीत, तर साखर एकदम खाली येईल आणि उभ्या जागी शुद्ध जाईल." वसंताने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसून म्हणाला, "वेळेचं हा बघणार आहे. तीस वर्षं अख्ख्या रत्नागिरीची वेळ ह्याने बघितलीय." डॉक्टरही हसले. मीही हसलो. माझी छाती फुगली होती, ती त्या दोघांना दिसली असणार.

कारण खरंच, तीस वर्षं मी एस.टी.च्या स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठून सुटते, कुठल्या तिठ्यावर तिला कोण हात दाखवतो, कुठल्या घाटात ती धापा टाकते आणि कुठल्या गावात ड्रायव्हर चहाला उतरतो, हे सारं मला तोंडपाठ. लोकांना स्तोत्रं पाठ असतात. मला वेळापत्रक पाठ होतं! खिडकीशी कुणी चाचरत उभा राहिला, की त्याने गावाचं नाव उच्चारण्याआधी मी गाडीची वेळ सांगत असे. आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं, "नक्की ना हो?", की माझं डोकं फिरे. माझा हा राग स्टँडवर प्रसिद्ध होता आणि घरातही. ज्ञान आणि राग एकाच माणसात वस्तीला आले, की भोवतालची माणसं हळूहळू विचारायचं सोडून देतात, आणि त्या माणसाला वाटतं की आता कुणाला शंकाच उरली नाही.

वसंताला का चालायचं होतं? चौतीस वर्षं मुंबईत एका कचेरीत खुर्चीला चिकटून काढली त्याने. गावी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. तेही असं, की गाडीत बसला की डोळा लागायचा आणि उठायचा तेव्हा दारात असायचा. निवृत्त झाला, सावर्ड्याला हायवेजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि एक दिवस मला म्हणाला, "दादा, आपला समुद्र मी खिडकीतून बघितला रे. तोही अर्धवट झोपेत. एकदा पायाने बघून घेतो. मग बसेन गप, सुनंदा सांगेल तेवढ्या गोळ्या गिळत." साठी उलटलेल्या माणसाच्या मागण्या किती थोड्या असतात! त्याने ना काशी मागितली, ना परदेश. जिथे जन्मला त्या जिल्ह्याची एक कड मागितली, आणि तीही माझ्या भरवशावर.

मग मी आखायला बसलो. शिदोरी या शब्दात केवढी माया आहे पाहा! घरच्याने रात्री जागून बांधलेली, दुसऱ्या दिवशी परक्या झाडाखाली सोडलेली, पाठीवर असेपर्यंत जड आणि पोटात गेली की हलकी. पण बारा दिवसांची शिदोरी पाठीवर घेऊन कुणी चालू शकत नाही. विंचवाचं बिऱ्हाड विंचवाला शोभतं. साठीच्या माणसाचे गुडघे त्याने जातात. म्हणून शिदोरी आधी जायची आणि माणूस मागून. बारा गावांत माझ्या ओळखीची बारा घरं होती, नोकरीत जोडलेली. बारा कडीचे डबे, सुनंदाच्या लग्नातले, प्रत्येकाच्या झाकणावर नाव घातलेलं: वसंत. प्रत्येकात बिनगुळाचे नाचणीचे लाडू, भाजलेले चणे, चार खजूर, खडीसाखरेची एक पुडी आणि माझ्या अक्षरातली चिठ्ठी: इतक्याला निघ, इतक्याला खा, इतक्याला पोच. डबे कापडात शिवून मी सगळे एकदमच एस.टी.ने रवाना करणार, आणि ते वसंताच्या निदान दोन दिवस आधी त्याची वाट बघत बसणार.

माझा नियम एकच होता आणि त्याचा मला फार अभिमान होता: पुढच्या डब्यापर्यंत पुरेल तेवढंच जवळ ठेवायचं. एक लाडू जास्त नाही. आंजर्ल्याला मी त्याला पोचवायला गेलो होतो. कड्यावरच्या गणपतीला नारळ ठेवला, पायऱ्यांवर बसून त्याची पाठपिशवी मी पुन्हा एकदा उपसली, आणि तळाशी बिस्किटांचे दोन पुडे सापडले. "हे काय मेल्या?" मी म्हणालो, "माझ्या डब्यांवर भरवसा नाय?" तो ओशाळला. म्हणाला, "असू दे रे, अडीनडीला." "अडनड येणारच नाय," असं म्हणून मी ते दोन्ही पुडे काढून घेतले. परतीच्या गाडीत, दापोली सुटल्यावर, त्यातला एक मी चहाबरोबर खाल्ला. ती चव मला आठवत नाही, आठवायला हवी होती. दुसरा पुडा अजून माझ्या फडताळात आहे, आणि त्याला हात लावायचं धाडस मला होत नाही.

आता त्या खाडीबद्दल लिहिलं पाहिजे. इतका वेळ मी इकडचं-तिकडचं लिहीत बसलो, ते त्या पाण्याकाठी यायचं टाळत होतो म्हणूनच. तिचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांचा काही दोष नाही. आपल्या किनाऱ्याला अशा खाड्या किती, मोजाव्या तितक्या थोड्या. समोर पलीकडचं गाव दिसतं, माडांच्या आगरातली घरं दिसतात, वाळत घातलेली लुगडी दिसतात, हाक मारली तर कुत्रं भुंकेल इतकं जवळ. पण मध्ये पाणी. ते पाणी ओलांडायला तर असायची, म्हणजे उतारूंना अलीकडून पलीकडे नेणारी होडी. मी लहान असल्यापासून तिथे तर होती. दर तासाला एक, भरतीला थोडी वरच्या धक्क्याला आणि सुकतीला खालच्या. सातव्या टप्प्यात मी लिहिलं होतं: साडेअकराची तर. पावणेबाराला पलीकडे. बाराला इस्माईलभाईंकडे डबा.

सुनंदाच्या स्वयंपाकघरात, त्या वासात, वसंताने मोबाइल माझ्यापुढे धरला होता. नकाशावरची निळी रेघ खाडीच्या काठाने आत, खूप आत जाऊन पुलावरून पलीकडे येत होती. म्हणाला, "दादा, हा बघ ना, पुलावरून दाखवतोय." मी खदखदून हसलो. "तो पूल गाड्यांचा. माणसं तरीने जातात. त्या मोबाइलच्या बापाला माहीत आहे काय, तर कशाला म्हणतात?" सुनंदा कढईवरून वळून म्हणाली होती, "भावोजी, एकदा सगळीकडे फोन करून विचारून घ्यायचं का? काही बदललं असलं तर?" मी पेन टेबलावर आपटलं. "तीस वर्षं मी काय गवत उपटत होतो? विचारायचं ते परक्याने!" ती पुन्हा कढईकडे वळली. वसंताने मोबाइल खिशात घातला. पिठाचा रंग अगदी हवा तसा आला होता.

आणि गंमत पाहा, गंमतच म्हणायची! तो पूल मला ठाऊक नव्हता असं नाही. पूल झाला तेव्हा त्याच्यावरून जाणाऱ्या पहिल्या गाडीची वेळ फळ्यावर खडूने मीच लिहिली होती. इस्माईलभाईंचा डबासुद्धा मी त्याच पुलावरच्या गाडीने धाडला. गाडी पुलावरून जाते हे मला कळत होतं. सगळी माणसं गाडीत बसली तर होडीत कोण बसणार, हे कळलं नाही. परगावच्या माणसाने तिठ्यावर दहा जणांना विचारलं असतं. मी विचारलं नाही, कारण मी तिथला होतो. माझ्या डोक्यात पूलही होता आणि तरही होती, दोन्ही आपापल्या वेळेवर धावत होती, एकमेकांच्या आड न येता.

पहिले सहा दिवस कसे गेले म्हणून सांगू! रोज संध्याकाळी वसंताचा फोन यायचा आणि माझ्या एकट्याच्या घरात (माझी पत्नी जाऊन सात वर्षं झाली) दिवा लावल्यागत व्हायचं. "दादा, डबा माझ्याआधी येऊन बसला होता. अगदी दारात." "दादा, सड्यावर एवढा वारा, की टोपी धरून चाललो." सडा म्हणजे आमच्या डोंगरांचा सपाट, काळा-तांबडा कातळ, पावसाळ्यात त्यावर फुलांचे गालिचे असतात, आणि माघात तो तव्यासारखा तापतो. कुठल्या बागेत कलमं कशी मोहरून आलीत, वाळूत खेकड्यांनी कशी नक्षी काढलीय, कुणा यजमानांनी डबा बाजूला सारून त्याला तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी कशी वाढली, सगळं सांगायचा. चौतीस वर्षांत आम्ही भाऊ एवढं बोललो नव्हतो. फोन ठेवण्याआधी तो रोज विचारी, "उद्याची वेळ?" आणि मी वही न बघता सांगे.

सातव्या दिवशी मी बारा वाजता जेवायला बसलो, तोही जेवत असेल या समाधानात. दोन वाजता इस्माईलभाईंचा फोन आला. इस्माईलभाई एके काळचे बोटीवरचे खलाशी, नंतर माझ्या स्टँडवरचे नेहमीचे उतारू, अत्यंत सज्जन माणूस. म्हणाले, "साहेब, भाऊ आला नाय हो अजून. जेवण झाकून ठेवलंय." मी म्हटलं, "साडेअकराची तर चुकली असेल, साडेबाराची मिळाली असेल, येईल." मग ते हळूच म्हणाले, "कुठली तर, साहेब? पूल झाल्यावर दोन वर्षांत बंद झाली ती. होडी पण विकली तरवाल्याने." 

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो, कारण खोटं सांगायचं तर लिहायचं कशाला? पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा राग आला; तरवाल्याचा, पुलाचा, इस्माईलभाईंचा. "मग मला सांगितलं का नाही?" असं मी त्यांच्यावर चक्क ओरडलो. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही विचारलं नाय, साहेब. तुम्ही सांगितलंत, बाराला येईल. मला वाटलं, सगळे येतात तसा पुलावरून येईल." मग मी वसंताला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा. कितीदा ते मोजलं नाही. इस्माईलभाईंनी माझं ओरडणं संपायची वाट बघितली नव्हती. सत्तरीला टेकलेला तो माणूस स्कूटर काढून पुलाच्या दिशेने कधीच निघाला होता.

वसंता धक्क्यावर वेळेवर पोचला होता. धक्का होता, तरीची वेळ सांगणारा गंजका पत्राही होता, चहाची टपरी होती पण फळ्या लावून बंद. समोर पाण्यापलीकडे इस्माईलभाईंचं कौलारू घर त्याला दिसलं असणार; मी चिठ्ठीत खूण लिहिली होती, निळा दरवाजा. त्या निळ्या दारामागे त्याचे लाडू होते. सड्यावर शेणी गोळा करणाऱ्या एका बाईने नंतर सांगितलं, की एक माणूस पाठीवर पिशवी घेऊन उन्हातून आडवा चालला होता, आधी झपाझप, मग झोकांड्या खात. तिला वाटलं, प्यायलाय. तिने पदर सावरून तोंड फिरवलं. तिचं तरी काय चुकलं? थोड्या वेळाने तो खाली बसलेला दिसला, मग आडवा झालेला. तेव्हा ती जवळ गेली, आणि रस्त्यावर धावत येऊन जी पहिली स्कूटर दिसली तिला आडवी झाली. इस्माईलभाईंनी त्याच्या ओठांवर साखर चोळली. त्याच्या पिशवीत खडीसाखरेची पुडी होती, रिकामी, नीट घडी घातलेली. एका टप्प्याला एक पुडी पुरते, असं मीच ठरवलं होतं.

रत्नागिरीला इस्पितळात आणेपर्यंत फार उशीर झाला होता. तीन दिवस तो होता, म्हणजे त्याचा श्वास होता. मेंदूला खायला मिळालं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी मला साध्या शब्दांत समजावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो श्वासही थांबला. सुनंदा त्याच्या पायांवर हात ठेवून बसली होती. त्याच्या टाचांना फोड आले होते, सहा दिवसांचे, आणि त्यांवर त्याने स्वतः नीट पट्ट्या लावल्या होत्या.

मग माणसं जमली, आणि माणसं जमली की कारण शोधतात. मरण कारणावाचून बघवत नाही आपल्याला. तेराव्याला चुलतभावांपैकी एक जण पानावर बसल्याबसल्या म्हणाला, "दादाने एवढं मिनिटामिनिटाचं आखून दिलं होतं, पण ऐकेल तो वसंता कसला? लहानपणापासून हूड." दुसरा म्हणाला, "फोटो काढत बसला असेल, तर चुकली असेल." सगळ्यांनी मान डोलावली. मी पानाकडे बघत राहिलो. तर चुकली असेल! एक वाक्य पुरे होतं: तर नव्हतीच, ती माझ्या डोक्यात होती. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं आणि वरणभाताबरोबर मी ते गिळलं. इस्माईलभाई आले होते, दाराशी टोपी हातात घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही काही बोलले नाहीत. मेलेल्या माणसावर आळ घालणं किती सोपं असतं! तो उलटून बोलत नाही, आणि माझा भाऊ तर जिवंतपणीही कधी मला उलटून बोलला नव्हता.

उरलेले डबे परत येऊ लागले. आठव्या टप्प्यापासून बाराव्यापर्यंतची पाच घरं, त्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं, की भाऊ वारला, डबे स्टँडवर पाठवा. कोकणात भांडं रिकामं परत जात नाही. लाडू काढून त्या घरांनी त्यांत काय काय भरलं होतं! एकात कोकमं, एकात उकड्या तांदळाच्या पुरचुंडीवर ठेवलेली हळकुंडं, एकात नुसतेच काजूगर. नाट्याहून आलेल्या डब्यात सुकवलेला जवळा होता, वर चिठ्ठी, की ताईंना द्या, मन लागत नसेल तेव्हा चटणी करून दोन घास खातील. इस्माईलभाईंकडचा डबा मात्र ते स्वतः घेऊन आले. तो त्यांनी उघडलाच नव्हता. माझी शिवण तशीच होती.

डबे सुनंदाचे. ते तिला द्यायला हवे होते, आणि मी दोन महिने ते माझ्या पलंगाखाली ठेवले. ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं मी दर आठवड्याला सावर्ड्याला जायचो, तिची विचारपूस करायचो, पेन्शनच्या कागदांवर सह्या घ्यायचो, आणि डबे न नेता परत यायचो. डबे नेले की बोलावं लागेल, हे मला कळत होतं. अखेर चैत्रात एका सकाळी दोन पिशव्या भरल्या आणि पहिल्या गाडीने गेलो. 

तिने डबे ओट्यावर ओळीने मांडले. झाकणांवरची नावं तिने फडक्याने पुसली, एकेक करून. मी टेबलाशी त्याच खुर्चीवर बसलो होतो. म्हटलं, "सुनंदा, मला एक सांगायचंय. वसंताची काही चूक नव्हती. त्याची तर चुकली नाही. तर बंद होती. मी विचारलं नाही. तू म्हणाली होतीस विचारू या, मी नाही म्हटलं." बोलताना माझा आवाज इतका फाटला की मलाच तो ओळखू आला नाही. वाटलं होतं, ती रडेल, मला घराबाहेर काढेल, निदान वळून बघेल तरी. ती पाठमोरीच म्हणाली, "मला ठाऊक आहे, भावोजी. त्याच दिवशी ठाऊक झालं."

मग तिने सांगितलं. धक्क्यावरून वसंताने तिला फोन केला होता. तिथे रेंज होती. म्हणाला होता, "अगं, तर बंद झालीय. पुलावरून जावं लागणार. रस्त्याने लांब पडतं, सड्यावरून आडवा कापतो, म्हणजे फार उशीर दिसायचा नाही. दादाला मात्र कळवू नकोस हां. त्याच्या वहीत तर आहे. फार लागेल त्याच्या मनाला." तिने विचारलं होतं, "काही खाल्लंत का?" तो म्हणाला होता, "हो तर."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण मला एक फोन करायचा! एक फोन! इस्माईलभाईंना मी त्याच मिनिटाला स्कूटर घेऊन पाठवलं असतं. अर्ध्या तासात डबा त्याच्या हातात असता." आणि हे म्हणताना माझा आवाज चढला. चढलाच. भावाला जाळून दोन महिने झालेला मी, त्याच्या विधवेच्या स्वयंपाकघरात, तिच्यावर आवाज चढवत होतो.

तेव्हा ती वळली. डोळे कोरडे होते. "केला होता मी," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा नंबर काढला होता. ह्यांनी नको म्हटलं होतं तरी काढला. इथेच उभी होते. मग वाटलं, तुम्ही ह्यांना फोन कराल आणि आधी ओरडाल, की धक्क्यावर कुणाला विचारलंस का, नीट बघितलंस का. उन्हात चालणाऱ्या माणसाला कशाला तो त्रास? म्हटलं, पोचू देत, जेवू देत, मग सांगू. म्हणून फोन खाली ठेवला." तिने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. "ओरडला असता ना हो तुम्ही?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ती उत्तराची वाट बघत उभी होती, अगदी शांतपणे, जणू माझ्या एका शब्दावर तिचं पुढचं सगळं आयुष्य अडलं होतं. आणि मला कळलं, की मी नाही म्हणालो तर हिने त्या दिवशी फोन खाली ठेवला ही हिची चूक ठरेल, जन्मभरासाठी.

"ओरडलो असतो," मी म्हणालो.